साचा पोचला नाही

रात्री पावणेबारा. उद्यमबागेतल्या
विझत्या भट्टीचा वास खिडकीतून आत.
स्क्रीनवर एकच ओळ, बारा मशिनांवरून बारा वेळा:
क्लास सापडला नाही.

कुठला, तर तापनोंद. मीच लिहिलाय,
गेल्या मंगळवारी, खानापूरच्या बसची वाट बघत.
माझ्या लॅपटॉपवर तो आहे. धावतो.
सतराशे ओतकामांची तापमानं निमूट मोजतो.
काम बारा जणांत वाटून दिलं
की बाराही जण हात वर करतात.

महांतेश खुर्ची ओढून येतो.
"सिगलिल्ला?"
"नाही रे."
तो कन्नडात विचारतो, मी मराठीत सांगते,
आणि लॉग दोघांनाही इंग्रजीत नाही म्हणतो.

स्पेलिंग बघितलं. पॅकेजची टिंबं मोजली.
लोणच्याची बरणी उघडावी तशी जार उघडली:
आहे की आत. वरच आहे.
मग?

अण्णा एकतीस वर्षं पॅटर्नशॉपमध्ये होते.
सागवानी साचे: पंपाचं पोट, व्हॉल्व्हची मान.
रात्री कुठल्यातरी फाउंड्रीतून फोन यायचा,
लोखंड पातळ झालंय, वाळू ठोकून तयार, माणसं उभी,
आणि अण्णा एवढंच विचारायचे,
"कागद गेला. पॅटर्न गेला काय?"
गेलेला नसायचा.
फळीवर असायचा, फडक्यानं पुसून ठेवलेला.
मग कॅरिअरला सुतळीनं बांधून ते निघायचे
आणि तिसऱ्या फाटकात मालगाडी संपेस्तोवर
एक पाय जमिनीला टेकून उभे.

मी कागद पाठवला होता, बारा जणांना.
साचा माझ्याच फळीवर.

एक ओळ वाढवली: ही जार सोबत न्यावी.
अकरा मशिनं चालू लागली.

सातवं अडलं. आता ते म्हणतं,
तापनोंद म्हणजे तापनोंद नव्हे.
नाव तेच, टिंबासकट तेच.
महांतेश हसला. "हे मशिन आपल्या गावचं आहे बघ."
खाली चौकात एका पाटीवर गाव एक अक्षर जास्त,
एका पाटीवर एक अक्षर कमी.

सातव्याच्या पोटात जुनी प्रत होती.
एक नाव, दोन दारांतून आत आलेलं,
आणि यंत्राला नाव पुरत नाही,
कुठल्या दारानं आलास तेही विचारतं.
अण्णांकडे एकदा दोनशे बारा नंबरचे दोन साचे निघाले.
एकाला आकसाची सूट, एकाला नाही.
अख्खी बॅच दोन सूत बारीक आली.
त्या रात्री ते जेवले नाहीत, एवढं आठवतं.

पुण्याच्या कॉलवर मी "करते" म्हणते.
घरी म्हणते, "करतो अण्णा, झोपा तुम्ही."
दोन्ही मीच.
यंत्रानं विचारलं तर मात्र कठीण आहे.

जुनी जार कुणाची, तर डी. सावकार.
तो हैदराबादला गेला, त्याचा मग अजून पँट्रीत आहे.
पुसून टाकायला बोट नेलं, आणि थांबले.
दीड वाजता महांतेश म्हणाला, "बरतैती."
बाराही मशिनांवरून आकडे येत होते,
भट्टीवाले केव्हाच घरी गेलेले.

घरी अण्णा जागेच. विचारलं, "गेला काय?"
"गेला. पण तिथं एक जुना निघाला, त्याच नावाचा."
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग कूस बदलत,
"जाळू नको त्याला. लाकूड चांगलं असतंय."