कोरा नमुना

तेलावी. ऑक्टोबर. दारात मालखाझच्या सहा बाटल्या,
द्राक्षाच्या चोथ्यातून गाळलेली चाचा.
नितळ इतकी की पलीकडची भिंत वाचता येईल.
नितळपणावर मी पगार घेत नाही.
मऊ नळीतलं तेल दारूत असं विरघळतं
की जिभेला पत्ता नसतो.

म्हणून काच रात्रभर भट्टीत, चारशे अंशांवर.
हातमोजे नाहीत, प्लास्टिकची पिचकारी नाही,
हेक्झेनने तीनदा विसळायचं, चिमट्याने उचलायचं.
हे माझं सोवळं. एतेरी दारातूनच विचारते,
'आत येऊ, की विटाळेल?'

मग थेंबभर जुळा सोडायचा प्रत्येक बाटलीत,
तोच रेणू, फक्त जड हायड्रोजनचा,
वाटेत किती सांडलं याची साक्ष द्यायला.

आणि सोमवारी, कोऱ्या नमुन्यात,
जिथे द्रावकाशिवाय काहीच नव्हतं,
एकोणिसाव्या मिनिटाला
एकशे एकोणपन्नासचा सुळका.
छोटा. पण उभा.

कोऱ्यालाच डाग, तर मालखाझला काय बोलणार?

दोन दिवस मी माझ्याच मागावर.
झाकण तपासलं. सुईखालचं रबर बदललं.
पंख्यावरची धूळ, हो, थोडी तीही.
बुधवारी संध्याकाळी नजर खाली गेली :
फुलाफुलांचा मेणकापडी एप्रन,
लेकीने बातुमीहून पाठवलेला,
नव्या खेळण्यासारखा वास येणारा.
जिन्यात नेऊन टांगला.
गुरुवारी रेघ सपाट. झोपलेल्या माणसासारखी.

आता मालखाझच्या बाटल्या.
सुळका कागदाबाहेर गेला.

तो आला तेव्हा काखेत वर्तमानपत्राची गुंडाळी,
त्यात हिरव्या नळीचा हातभर तुकडा.
बागेला पाणी घालायची ती नळी,
बारा वर्षं भट्टीतून पिंपात चाचा उतरवणारी.
मी उंबऱ्यावरच थांबवलं.
'चव बिघडली का?' त्याने विचारलं.
चवीची चाचणी आमच्याकडे नाही, म्हटलं.
'बापाच्या वर्षश्राद्धाला हीच वाटली.'
मी गप्प. काय बोलायचं असतं अशा वेळी?

त्याने कागद उलटा धरून पाहिला, मग सुलटा.
'म्हणजे ओतून टाकू?'
'हो. सगळी.'
'कुठे?'

नदी नको. वेलींच्या मुळाशी तर नकोच.
मी अर्ज पुन्हा वरपासून वाचला, शिक्क्यापर्यंत.
तो तसाच उभा, बूट चिखलाचे,
नळी काखेत, टोक अजून ओलं.