आठ मात्रा मोकळ्या

गालगुंड झालं होतं मला, म्हणून हे सगळं.
एक्क्याण्णव साल, चैत्र संपत आलेला,
सांगलीत स्टुडिओ घेतलेला अर्ध्या दिवसाच्या भाड्यानं
आणि माझा डावा गाल वांग्याएवढा.
मालक म्हणाले, पैसे भरलेत, सॅम्या नसला तर नसला,
त्याची जागा सोडून वाजवा.
तसं वाजवलं त्यांनी.
बी बाजूला सात चाली, एकीतही ट्रंपेट नाही.
सहा महिने बोललो नाही मी कुणाशी.
मिशन हॉस्पिटलच्या भिंतीला टेकून उभा राहायचो
दातओठ खात.

आता बघा.
मुजावरांचं क्लॅरिनेट नातवाच्या शोकेसमध्ये,
शेजारी बाहुली.
घस्त्यांनी युफोनियम विकून बोअर मारलं,
दोनशे फुटांवर नुसता फुफाटा.
मग तेही गेले.
बँडचा लाल कोट एकच उरला, तो माझ्या अंगावर,
खांद्याची झालर पोरीनं दोनदा शिवलेली.

जावयानं कॅसेट पेनड्राइव्हवर घेतली.
टेप ताणलेली, सूर खाली आलेला,
तो तसाच उतरला नव्या डबीत.
म्हणून मी स्लाइड बोटभर बाहेर ओढतो
आणि मेलेल्यांच्या सुरात बसतो.

वाजवायचं तेच.
हळदीला खंडोबाचं, वेशीत मार्च,
चौकात लावणी, पोरं दमेस्तोवर,
आणि नवरी निघाली की भैरवी, तिला कुणी पैसे देत नाही.
नाताळात चर्चच्या पायरीवर हेच पितळ, हीच थुंकी,
फक्त कोट घरी ठेवायचा,
पास्टरांना झालर खटकते.

हातगाडीवर स्पीकर, मागं जनरेटर, त्याच्या धुरात मी.
पूर्वी दम लागला तर वायदंडे
ड्रमवर एक फेरी जास्त मारायचे,
भुवई उडवून विचारायचे, झालं का?
पेनड्राइव्हला भुवई नाही.
माझे पुढचे दात लावलेले, वरच्या षड्जाला कवळी सुटते,
तरी तो आपला पुढं.

पण तिसऱ्या चालीत, लावणीचा मुखडा संपला की
वायदंडे सवयीनं ओरडतात,
"हां, सॅम्या!"
मी घरी पडलेला, गालाला मिठाचा शेक,
आणि ते ओरडतात.
मग आठ मात्रा कुणी काही वाजवत नाही.
नुसती झांज.
बरोबर माझ्या मापाचं भोक.
वायदंडे जाऊन बारा वर्षं झाली,
प्रत्येक वरातीत मला हाक येते.
पोरं विचारतात, काका, हा सॅम्या कोण?
मी म्हणतो, होता एक, आजारी.

परवा बेडगला वरात होती.
हाक आली आणि मी ट्रंपेट उचललंच नाही.
म्हटलं, ऐकावं तरी एकदा,
मी नसताना कसं असतं.

झांज चालली.
तिच्यामागं कुणीतरी खोकतं, घस्तेच असणार.
खुर्ची सरकते.
बाहेर रस्त्यावर एसटी गिअर बदलते,
त्या दिवशीची एसटी.

नाचणाऱ्यांना काही कळलं नाही, हात वरच.
नवरदेव मोबाइलमध्ये.
घोडी तेवढी थांबली.
कान मागं, पुढचा एक पाय उचललेला, तसाच धरून.
घोडेवाला च्यक् च्यक् करतोय, लगाम ओढतोय,
ती हलेना.
मागून करवल्या येऊन आदळल्या,
कुणाचा तरी नारळ गटारापर्यंत घरंगळला,
जनरेटरवाला ओरडला,
ओ काका, झोपला का?

आठ मात्रा कधीच संपल्या होत्या.
बँड पुढच्या ओळीला लागला होता.
मी ओठ ओले केले, कवळी जिभेनं दाबली
आणि मधूनच शिरलो,
चांगलाच उशिरा.

घोडीनं पाय टेकला.