चौथीची तोंडी परीक्षा

टॅब आले गुरुवारी. पाच.
पटावर पोरं एकोणीस,
म्हणजे चार टॅबांना चार-चार डोकी आणि एकाला तीन.
हा भागाकार चौथीनं मला न विचारता केला.

चौगले सरांनी खोक्यांवरचे नंबर रजिस्टरात उतरवले.
सही, शिक्का, फोटो.
फोटोत टॅब दिसला पाहिजे, पोर दिसलं पाहिजे,
मागचा सुविचारही दिसला पाहिजे.
सुविचार परवाचा होता. पुसून नवा लिहिला.

भोगावतीच्या अंगाला आमची शाळा.
रेंज सापडते पाण्याच्या टाकीच्या तिसऱ्या पायरीवर.
तिथं उभी राहून मी रोज
हजेरी, पोषण आहार, कुणाचं न जुळणारं आधार
वर आभाळाकडं धाडते.
ऊस वाढला की रेंज कमी होते, असं सर म्हणतात.
विज्ञानात बसत नाही,
पण फड तुटला की खरंच पटापट जातं.

शुक्रवारी तोंडी चाचणी.
यंत्र विचारेल, बाईंनी बोलायचं नाही:
परिपत्रक, मुद्दा सातवा.
टॅबमधून एक आवाज आला,
गुळगुळीत, कुठल्याच गावचा नसलेला:
‘तू सकाळी काय काय करतेस? पूर्ण वाक्यांत सांग.’

राजनंदिनी पोवार पुढं सरकली.
‘मी पाचला उठतो.
म्हशीला वैरण घालतो.
डेअरीला दूध घालून येतो.
फॅट किती लागली ते वहीत लिवतो.
मग शाळेला येतो.’

एका दमात. कुठं अडकली नाही.
लाल. लाल. लाल. लाल. लाल.
‘पुन्हा प्रयत्न कर.’

तिला वाटलं, यंत्राला ऐकू कमी येतं.
दुसऱ्यांदा तिनं ओढ्यापलीकडच्या माणसाला सांगावं
तशा आवाजात सांगितलं.
छपरावरची कबुतरं उडाली.
लाल.

अलमास मुल्लाणी कानाशी लागली,
‘उठते म्हण की. टीव्हीतल्यागत.’
राजनंदिनी थोडा वेळ गप्प.
मग माझ्याकडं बघून,
‘बाई, उठते म्हटलं की
मी उठलोय असं वाटतच न्हाई.
कोण दुसरीच उठल्यागत वाटतंय.’

मुद्दा सातवा. मी बोलले नाही.

डी.एड.ला असताना कोल्हापुरात, भाड्याच्या खोलीत,
सहा महिने आरशापुढं मी घोकलं होतं:
जाते, येते, करते, बसते.
मुलाखतीत एकही ‘तो’ निसटला नाही.
नोकरी लागली, जिभेवर इस्त्री फिरली.
फक्त संध्याकाळी फोनवर,
‘आई, निघालो गं. तासाभरात पोचतो.’

धोरणात लिहिलंय, पहिलं शिक्षण मातृभाषेत.
प्रशिक्षणात त्याची मोठी स्लाइड होती, निळी,
तिच्यावर हसणारी एक आई.
तिला कुणी बोलायला लावलं नव्हतं.

निकाल टॅबनंच भरला:
पोवार राजनंदिनी दत्तात्रय. स्तर एक.
कारण निवडा.
वाचन कमी. सराव कमी. गैरहजर.
चौथा पर्याय शोधत मी पडदा खाली ओढत राहिले.
खाली काही नव्हतं.

शाळा सुटली. सर शिक्के कुलपात घालत होते.
मी रिकाम्या वर्गात टॅब उघडला, पहिला प्रश्न लावला.
‘तू सकाळी काय काय करतेस?’

मी सहाला उठतो, म्हटलं.
डबा भरतो. पोराला उठवतो,
तो उठत न्हाई, तवा वराडतो.
कळंब्यातनं पावणेआठची एस्टी धरतो.
जागा मिळाली तर वह्या तपासतो.
मग शाळेला येतो.

वर्ग एवढा शांत की
पडदा लाल होताना मला ऐकू आला.

दाराशी कुणीतरी फिसकन हसलं.
दुधाची किटली हातात,
डेअरीला निघालेली, वाट वाकडी करून आलेली.

‘बाई,’ ती म्हणाली, ‘तुमीबी लाल.’