जाड चाकाची रेघ

फाटक पिवळं आहे, आणि वाकलेलं.
एका वर्षी कुणीतरी ट्रक घातला होता त्यावर.
पाटी म्हणते, मोटार असलेल्या वाहनांना
इथून पुढे मनाई.
पाटीखालून, रात्रीच्या पातळ बर्फावर,
जाड चाकाची एक रेघ
सरळ आत गेलेली.

मी घोडीवरून उतरले नाही.
मागे दोन खेचरं, डीकन आणि टॅफी, पाठी रिकाम्या.
वरच्या तळावरचे तंबू आणायला निघाले होते.
या हंगामात गिऱ्हाइकं तीनच.
बाकीच्यांनी सायकली घेतल्यात,
विजेच्या, गवताच्या चित्रांनी मढवलेल्या,
एकेक माझ्या दोन खेचरांच्या किमतीची,
आणि चारा खात नाहीत मेल्या.

बाप सांगायचा,
ही जमीन कुणा एकाची नाही म्हणूनच आपली.
जो चालेल त्याचा डोंगर.
चालेल, म्हणायचा.
शब्द निवडून नाही.
त्या काळी आयडाहोत दुसरा शब्दच नव्हता.

पहिला मैल रागात गेला.
दुसऱ्यात मी दंडाचा आकडा आठवत होते
आणि वनखात्याच्या रॉयसला फोन लागेल अशी जागा.
चौथ्यापासून चढ. तिथं माणूस फक्त श्वास मोजतो.

सहाव्या मैलावर अ‍ॅन्सेल थोर्सरूड.
वय एकाहत्तर, डावा गुडघा धातूचा,
बापाबरोबर वीस हंगाम याच वाटेनं चढलेला.
कोपरापर्यंत रक्त. फरच्या फांदीला
पांढऱ्या पिशव्यांतून एल्कचं मांस टांगलेलं,
नीट, जुन्या पद्धतीनं, वारा लागेल असं.
सायकल आडवी, बर्फात.

"बॅटरी गेली," तो म्हणाला. ना नमस्कार ना चमत्कार.
"थंडीत निम्मीच टिकते म्हणे.
दुकानात बोलले नव्हते."
"फाटकावरची पाटी वाचलीस?"
"वाचली. पहाटे मोटार होती.
आता कुठाय मोटार? आता सत्तर पौंडांचं लोखंड आहे."
मग म्हणाला, "हसू नकोस."
मी हसत नव्हते.

मी म्हटलं, पूर्वी एल्क इथंच चरायचे,
माणसाला विसरून.
आता आवाज न करता माणूस इतक्या आत येतो
की ते अकराव्या मैलापलीकडे सरकलेत,
आणि तिथं रँचची तार आहे.
तारेपलीकडचा एल्क ना तुझा, ना माझा.
तो ऐकत होता. सुरी बर्फात पुसत होता.
"मग गुडघा गेलेल्याची जमीन कुठवर?" त्यानं विचारलं.
"फाटकापर्यंत?"

मला उत्तर येत होतं. घोडीवर बसून
द्यायची लाज वाटली.

तंबू उद्या.
डीकनवर मांस, दोन्ही बाजूंना सारखं तोललेलं.
टॅफीवर सायकल.
टॅफीनं कान मागे पाडले, एक लाथ हवेत मारली,
मग दुसरी, नेम धरून, हँडलवर.
तिसऱ्या खेपेला गाठ बसली.
अ‍ॅन्सेलला घोडीवर बसवलं, मी पायी.
उतारभर पुढचं चाक
आपलं आपणच फिरत होतं,
टॅफी दर वळणावर मान वळवून त्याच्याकडे बघे
आणि दात दाखवी.

अ‍ॅन्सेल बराच वेळ बोलला नाही.
मग माझ्या बापाबद्दल बोलला,
तेही एकदाच:
उतारावर तो शिव्या देत उतरायचा,
चढावर कधी नाही.

फाटकापाशी त्यानं पाकीट काढलं.
मी पूर्ण दर घेतला,
मांसाचा वेगळा, सायकलचा वेगळा.
"पुढच्या वर्षी?" त्यानं विचारलं.
मी डीकनचा पट्टा बघत राहिले. सैल नव्हता.

रॉयस दुसऱ्या दिवशी येऊन गेला.
बर्फात त्याला काही सापडलं नाही म्हणे.
आम्ही उतरलो होतो त्याच रेघेवरून,
अर्धी उन्हानं गेली, अर्धी खुरांनी.
मी मुद्दाम तशी चालवली का खेचरं,
ते डीकनला विचारा.
त्याला वाट मीच दाखवते असं
तो मुळीच मानत नाही.