कलम सत्तावीस

मोंगूच्या कोर्टामागे, पत्र्याच्या खोलीत
मी नामासिकूबाईंचा टायपिस्ट होतो.
होडीवरून भांडणारे दोन भाऊ, ही पहिली केस.
फी म्हणून सुकी मासळी आली;
फायलींना पुढच्या पुरापर्यंत वास.

कायद्यातल्या 'किंवा'वर बाई भडकायच्या.
"या फटीत माणसं बुडतात रे, लिसेलो."

मग निवडणूक, लुसाका, खासदारकी.
काळा झगा खिळ्यावरच राहिला.
शनिवारी मी तो झटकतो.

काल नवा कायदा आला, बाईंनीच मांडलेला:
पूररेषेतल्या जमिनी, कलम सत्तावीस.
विधवा सेपिसोला वाचून दाखवता दाखवता
तिसऱ्या ओळीत अडखळलो.
'किंवा'.

"म्हणजे वावर माझंच ना?"
सेपिसो विचारते.

मी चष्मा पुसतो.
झग्याकडे बघत नाही.