जोडीचा काटा

हमरानियाच्या या शेतावर मला सगळे डॉक्टर म्हणतात.
मी डॉक्टर नाही. माणदेशात एकोणीस वर्षं
शेळ्यामेंढ्यांना लशी टोचल्या, एवढंच.

खलफानच्या आईची लाडकी शेळी, मब्रूका.
तोंड एका अंगाला कललेलं,
रवंथ करता करता चोथा हनुवटीवरून ओघळतोय,
जीभ बाहेर,
काही सांगायचं राहून गेल्यासारखी.
"नजर लागली," म्हातारी सोनेरी बुरख्याआडून म्हणाली.
शाहदाद म्हणाला, दात.
मी दात पाहिले. दात धड होते.
मग लेंड्या फोडल्या बोटांनी.
आत बिया. अख्ख्या, चकचकीत,
गिळल्या तशाच.

कुंपणापलीकडे वाळूत ती उभी होती,
ऐन ऑगस्टात हिरवीकंच.
तेव्हाच संशय यायला हवा होता.
खाली पिवळ्या, गुबगुबीत शेंगांचा सडा.
एक मोडून जिभेला लावली. गुळचट.
वेडी बाभूळ!
आमच्या पाझर तलावाच्या पोटात, गायरानात,
मसणवाटेच्या दोन्ही अंगांना
तूच होतीस की गं.
इथं तुला गुवैफ म्हणतात.

खलफान म्हणाला, मशीन बोलावतो, सगळंच साफ करू.
थांब, म्हटलं.
तिच्या खांद्याला खांदा लावून दुसरं एक झाड होतं,
राखट पानांचं, फांद्या खाली सोडलेलं.
ते गाफ. त्याचा आजा त्याच्याखाली उंट बसवायचा.
आणि माझ्यासाठी ती शमी, आमच्या बांधावरचा सौंदड.
हे अरबीत कसं सांगतात मला येईना,
म्हणून त्याचा हात धरून फांदीवर ठेवला.
हा बघ. काटा एकटा, आखूड, वाटेल तिथं उगवलेला.
आता हा. पेराशी, लांब, दोन दोन.
जोडीचा लागला की तोडायचं.
खलफान बोट चोखत म्हणाला, कळलं.

नुसतं तोडून भागत नाही.
एक बुंधा छाटला तर दहा धुमारे हसत वर येतात.
मुळाचा गड्डा हातभर उकरून काढायचा,
शेंगा वेचून जाळायच्या, लेंड्यासुद्धा.
विकत आणलेली शेळी आठवडाभर गोठ्यात,
पोटातलं बी पडून जाईस्तोवर मोकळी नाही सोडायची.
म्हातारी चटईवर बसून बघत होती.
खलफान झाला त्या साली सरकारी गाडीतून रोपं आलेली,
म्हणाली, मीच बादलीनं पाणी घातलं.
सावली हवी होती.

मब्रूकाला हातानं लसूणघास भरवतो.
जबडा अजून वाकडाच.
बरी होईल का, म्हातारी रोज विचारते.
मी बघू म्हणतो. हा शब्द तिला आता मराठीत कळतो.

सांजेला कुदळ मी गाफच्या बेचक्यात ठेवतो.
शाहदाद विचारतो, खोली सोडून झाडावर का?
आमच्याकडची जुनी चाल आहे,
हत्यारं याच झाडावर ठेवतात.
मग काढतात कधी?
उद्या, म्हटलं. ऊन चढायच्या आत.