पलंग

लोखंडी आहे. टाचा ठेवायला दोन खोबणी,
डावी जरा सैल, तिला चिंधी बांधलेली.
खालचा खटका दाबला की
बाळंतिणीच्या आधी हाच कण्हतो.

बुसानच्या धक्क्यावर तो कंटेनरमध्ये चढला
तेव्हा माल्सुन तिथे नव्हती.
डोंगरातल्या त्या बंद प्रसूतिगृहाच्या पायरीवर
मुळे सोलत बसली होती ती,
किल्ली अजून एप्रनच्या खिशात.
कुणी मागितलीच नाही.

माल्सुन म्हणजे शेवटची मुलगी.
पाच बहिणींनंतर बापाने ठेवलेलं नाव,
वर पाठवलेली ताकीद: पुरे आता.
आपण नकुशी म्हणतो.
ताकीद लागू पडली, पाठीवर मुलगा झाला.
त्या मुलाला एक मुलगा.
त्या मुलाला कोणी नाही.

लेकीला तिने एकदाच विचारलं होतं, फोनवर,
भांडी घासता घासता, सहज विचारल्यासारखं.
सोल्बी म्हणाली, घराची अनामत.
मग म्हणाली, रजेवरून परत आले तर
माझ्या खुर्चीत दुसरंच कोणी बसलेलं असेल.
मग म्हणाली, आई,
तुला हवे होतो का आम्ही?
नळ चालू होता.
माल्सुनने ऐकू आलं नाही असं केलं.

आठवत मात्र होतं:
सायकलवरून आलेली आरोग्यसेविका,
कागदी पुडीतल्या गोळ्या,
सासू शेतात असताना गिळलेली पहिली,
आणि त्या रात्री, लग्नानंतर पहिल्यांदाच,
पाठ टेकताच लागलेली झोप.

कोटोनूहून ट्रक. मग आणखी ट्रक.
झिंदेरच्या पुढे, डांबर संपतं तिथून
पलंगाच्या सांध्यांत वाळू शिरत गेली.
पायावर चिकटवलेली कोरियन अक्षरं
इथे कुणाला वाचता येत नाहीत.
लादीदीने ती खरवडली नाहीत. नक्षी आहे, राहू दे.

आज त्याच्यावर अजूजी आहे.
अजूजी म्हणजे उकिरडा.
तिच्या आधीची तीन गेली, म्हणून जन्मताच
आईने तिला केराच्या ढिगावर ठेवलं
आणि शेजारणीने उचलून आणलं,
मृत्यूला वाटावं, ही कुणाची नाहीच.
फसला तो.
(तुमच्याही घराण्यात असेल एखादा केरू,
दगडू, धोंडू. विचारून पाहा कशासाठी.)

हे सातवं. पाच हिंडताहेत.
नवरा म्हणतो, बाजरीला हात पुरत नाहीत.
सासू म्हणते, पाच म्हणजे तीनच धर.
तिचा हिशोब जुना आहे, पण ती तो
स्वतःच्या हाताने पुरून शिकली आहे.

अजूजीचा हिशोब अलीकडे बिघडलाय.
गोवराची सुई यायला लागल्यापासून
तिचं एकही गेलं नाही.
नाव फसवं ठेवायची गरज पडली नाही.
आणि थोरली रहमातू, चौदाची, सातवीत,
कंदिलाजवळ मोठ्याने वाचते, कुणाला कळो न कळो.
तिला दोनदा स्थळ आलं.
दोन्ही वेळा अजूजीला ताप भरला,
पाहुणे परत जाईपर्यंत टिकेल एवढा.

दोन वेणांच्या मधल्या फटीत
तिने स्वतःच्या दंडावर बोट टेकवलं,
कातडीखाली ती काडी बसवतात तिथे.
मलाही, लादीदी. तीन वर्षं तरी.
तिकडे सांगू नकोस.
मग पलंग कण्हला, मग ती.

मुलगी. पहाटेच्या अजानच्या जरा आधी.

पाणी टाकून पलंग पुसताना
लादीदीचा हात खालच्या पट्टीवर अडतो.
खिळ्याने ओढलेल्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या,
एका टोकाला दाटी, मग विरळ,
मग वर्षावर्षाची असावी तशी दोन, एक,
मग नुसतं लोखंड.
कुणीतरी उधारी फेडत आणली असेल, तिला वाटतं.
बरं झालं बाईचं.

ती चिंधी पुन्हा घट्ट बांधते.
बाहेर अजून दोघी थांबल्या आहेत.